पोपटाच्या जखमेचे मोजमाप

पाळीव पोपटाला झालेली जखम किरकोळ आहे की गंभीर, हे तिच्या लांबी-रुंदीवरून ठरत नाही. पक्ष्याच्या अंगातून रक्त किती गेले, त्याच्या शरीराची ऊब टिकून आहे की नाही आणि तो खातो आहे की नाही, या तीन गोष्टींवरून ते ठरते. पक्ष्याच्या शरीरात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके रक्त असते. बाजारात ‘लव्ह बर्ड’ या चुकीच्या नावाने सर्रास विकला जाणारा बजरीगर हा ऑस्ट्रेलियन वंशाचा छोटा पोपट ३० ते ३५ ग्रॅम वजनाचा असतो, म्हणजे त्याच्या अंगात जेमतेम तीन मिलिलिटर रक्त असते, आणि त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे वीस थेंब, वाहून गेला तरी त्याच्या प्राणावर बेतू शकते. माणसाच्या बोटाला सुरी लागल्यावर इतके रक्त ओट्यावरच सांडते आणि कोणी त्याची दखलही घेत नाही. शिवाय पोपट हा शिकार होणारा पक्षी असल्याने दुबळेपणा लपवणे त्याच्या स्वभावातच असते. तो अंग फुलवून, डोळे अर्धवट मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसू लागतो, तेव्हा त्याचे दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

जखमेकडे वळण्यापूर्वी घरातला पोपट कोणत्या जातीचा आहे हे पाहणे आवश्यक ठरते, कारण बुलढाणा जिल्ह्यात ज्वारी-मक्याच्या शेतांवर थव्याने उतरणारा, नराच्या गळ्याभोवती गुलाबी-काळे वलय असलेला हिरवा पोपट आणि त्याच्याहून मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट हे दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि ढोलीतून पिल्ले काढून ती विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. वाड्यातल्या पिंजऱ्यात बोलणारा राघू हे चित्र मराठी घराला इतके परिचयाचे आहे की अनेक कुटुंबांना त्यात काही बेकायदा असेल असे वाटतही नाही. कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढवली असून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे. आवारात किंवा शेतात जखमी होऊन पडलेला रानपोपट उचलून घरात आणला, तर अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. बजरीगर, कॉकाटिएल यांसारखे पिंजऱ्यातच पैदास झालेले परदेशी पोपट पाळता येतात. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची मात्र २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करणे बंधनकारक आहे. पुढे सांगितलेली प्राथमिक शुश्रूषा दोन्ही प्रकारच्या पक्ष्यांना लागू पडते. रानपोपटाच्या बाबतीत ती वन कर्मचारी येईपर्यंतचीच असते.

घरातल्या पोपटाला इजा होण्याची कारणे ठरावीक असतात: फिरता पंखा, आरशावर किंवा काचेच्या खिडकीवर आदळणे, पिंजऱ्याच्या तारेत अडकलेले नख, दुसऱ्या पक्ष्याचा चावा, मांजर. यांत एका कारणाची भर विक्रेत्यांच्या सवयीमुळे पडते. पक्षी उडून जाऊ नये म्हणून उड्डाणाची पिसे आखूड छाटली जातात. तसा पक्षी दचकून झेपावला की तरंगत खाली येण्याऐवजी दगडासारखा छातीवर आपटतो, आणि छातीच्या मधोमध असलेल्या उरोस्थीच्या धारेवरची पातळ त्वचा फाटते. संक्रांतीच्या दिवसांत झाडांत व तारांत अडकलेला मांजा हेही एक कारण आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली, तरी त्याचे तुकडे फांद्यांवर पुढे कित्येक महिने लोंबत राहतात. मांजा पंखात किंवा पायात गुंतला असल्यास तो ओढून न काढता दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा, कारण ओढल्याने त्वचेबरोबर खालचे स्नायूही चिरले जातात.

पक्षी हातात धरण्याची पद्धत ही शुश्रूषेतली पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट होय. सस्तन प्राण्यांच्या छाती व पोटाच्या मध्ये श्वसनाचा जो स्नायुमय पडदा असतो, तो पक्ष्यांना नसतो. उरोस्थी पुढे-मागे हलते, तिच्यामुळे शरीरातल्या हवेच्या पिशव्या भरतात व रिकाम्या होतात, आणि त्यावर त्यांचा श्वास चालतो. त्यामुळे घाबरलेल्या पोपटाला मुठीत घट्ट आवळले, तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरून मरू शकतो. खोलीतला पंखा बंद करून, खिडक्या लावून, प्रकाश मंद करावा आणि जुना सुती पंचा पाठीवरून टाकून पक्षी हळुवार उचलावा; अंगठा व बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून मान स्थिर करावी, पंख पंच्यात मिटलेले ठेवावेत आणि छातीवर दाब अजिबात येऊ देऊ नये. धाग्यांच्या फासांचा टॉवेल या कामी वापरू नये, त्यात नखे अडकतात. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, तर जखम तशीच सोडून त्याला लगेच खाली ठेवणे हेच शहाणपणाचे असते.

रक्तस्राव नखातून, पिसातून किंवा त्वचेतून होत असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तुटलेल्या नखाच्या टोकावर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा दाबून धरला की रक्त बहुधा काही मिनिटांत थांबते. औषधाच्या दुकानात मिळणारी रक्त थांबवणारी तीव्र पूड केवळ नखासाठी असते, ती उघड्या त्वचेला लावल्यास ऊती जळतात. नव्याने उगवणाऱ्या पिसाची कथा निराळी आहे. असे पीस मेणचट आवरणात गुंडाळलेले असते आणि वाढ पूर्ण होईपर्यंत त्याच्या पोकळ दांड्यातून रक्त वाहत असते; ते मोडले की रक्त सतत ठिबकत राहते. पूर्वी असे पीस लगेच उपटण्याचा सल्ला दिला जाई. परंतु उपटल्याने पिसाच्या मुळाशी असलेली त्वचेची खोबण फाटून रक्तस्राव वाढू शकतो आणि पंखाच्या मोठ्या पिसांची मुळे थेट हाडाला चिकटलेली असतात, त्यामुळे स्वच्छ कापसाच्या बोळ्याने पाच मिनिटे सलग दाब देणे आणि त्यानेही रक्त न थांबल्यास उपटण्याचे काम पशुवैद्यकावर सोडणे बरे. दाब देताना दर अर्ध्या मिनिटाला बोळा उचलून पाहण्याचा मोह आवरावा लागतो, कारण तेवढ्यानेच धरलेली गुठळी निघून येते.

रक्त थांबल्यावर जखम धुण्यासाठी अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात एक सपाट लहान चमचा मीठ घालून केलेले द्रावण पुरेसे असते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे झाल्यास ते फिकट कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत पाण्यात पातळ करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उग्र वासाची घरगुती जंतुनाशके टाळावीत. मराठी घरात यानंतर हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो, आणि येथेच बहुतेक चुका होतात. हळदीचा दोष फारसा नसतो, दोष असतो ती ज्यात कालवली जाते त्या तेला-तुपाचा. पक्ष्याच्या अंगाची ऊब पिसांच्या थरात कोंडलेल्या हवेमुळे टिकते. तेल, तूप, खोबरेल किंवा कोणतेही मलम लावले की पिसे चिकटून तो थर नाहीसा होतो, आणि चोचीने पिसे साफ करण्याच्या सवयीमुळे लावलेले सारे काही पोटातही जाते. वेदना बधिर करणारी मलमे तर लहान पक्ष्यांना थेट विषारी ठरू शकतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल वेगळे सांगायची गरज पडू नये, कारण जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडांची संख्या कशी कोसळली आणि २००६ मध्ये त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर देशात का बंद करावा लागला, हा इतिहास फार जुना नाही. पक्ष्यांसाठी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक वापरले जाते, पण त्याची मात्रा पक्ष्याचे ग्रॅममधले वजन पाहून पशुवैद्यकच ठरवतो.

एवढे झाले की माणसाने करण्यासारखे फारसे उरत नाही. उरते ती ऊब, अंधार आणि शांतता. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सियस असते आणि ते टिकवण्यातच त्याची बरीचशी शक्ती खर्च होते, म्हणून जखमी पक्ष्याला २७ ते ३० अंशांच्या आसपासची ऊब दिली की ती शक्ती जखम भरण्याच्या कामी येते. हे साधायचे कसे, ते बुलढाणा जिल्ह्यात ठिकाणावर आणि ऋतूवर अवलंबून असते. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. चिखली-मेहकर-बुलढाण्याच्या पठारावर पौष-माघातल्या रात्री चांगल्याच गारठतात. तेथे भोके पाडलेल्या खोक्याच्या एका बाजूला, कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी आणि पक्ष्याला नको असल्यास दूर सरकता येईल इतकी जागा मोकळी ठेवावी. पूर्वी या कामासाठी पिंजऱ्याबाहेर ४० वॉटचा दिवा लावला जाई, पण आताच्या एलईडी दिव्यांनी उजेड पडतो, ऊब मिळत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. याउलट पूर्णेच्या खोऱ्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागात वैशाखात घराच्या आतलेच तापमान ३५ अंशांच्या वर जाते. तेथे ऊब देणे म्हणजे पक्ष्याला मारणे होय. पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून पक्षी धापा टाकत असेल, तर त्याला गारवा हवा आहे असे समजावे. तरीही कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये, ओलसर फडके पिंजऱ्याच्या एका बाजूला टाकणे पुरते. खोका स्वयंपाकघरात ठेवू नये, कारण फोडणीचा धूर, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांचा पक्ष्याच्या श्वसनसंस्थेवर फार लवकर परिणाम होतो, आणि अतितापलेल्या नॉनस्टिक भांड्यातून निघणारा वायू माणसाला जाणवण्याआधी पोपटाचा जीव घेतो.

उंच दांडी काढून घेऊन तळाशी कागद अंथरावा व पाणी-दाणा तोंडाशी ठेवावा. जखमी पोपटाने खाणे सोडण्याचा धोका जखमेपेक्षा मोठा असतो, म्हणून या काळात आहाराच्या शिस्तीपेक्षा त्याच्या आवडीला मान द्यावा. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कोवळे कणीस, एरवी मक्याचे दाणे, भिजवलेले मूग, पेरूची फोड यांनी बहुतेक पोपट चोच उघडतात. मिरचीने पोपट बरा होतो हा समज निराधार आहे, तथापि ती अपायकारकही नाही. तिखटाची जाणीव करून देणारा कॅप्सेसिन हा पदार्थ पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ जाणवतच नाही. नुसत्या सूर्यफूल-शेंगदाण्यावर वाढवलेल्या पोपटांत अ जीवनसत्त्वाची उणीव आढळते आणि त्यांची त्वचा सावकाश भरते. अशा पक्ष्याला पुढे गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला यांची सवय लावावी. चहात बुडवलेले बिस्किट, चॉकलेट आणि अवोकाडो वर्ज्य होत.

काही जखमा मुळात किरकोळ नसतातच. मांजराच्या दाताची खूण टाचणीच्या टोकाएवढी असली, तरी त्याच्या लाळेतले पाश्चुरेला जातीचे जिवाणू एक-दोन दिवसांत रक्तात पसरून पक्षी दगावतो, म्हणून त्याला त्याच दिवशी प्रतिजैविक मिळणे आवश्यक असते. लोंबणारा पंख, न टेकवता येणारा पाय, वाकडी झालेली मान, दहा मिनिटांनंतरही न थांबणारे रक्त, यांनाही तोच न्याय लागू होतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे बहुतेक काम गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचे असले, तरी प्रथमोपचार व प्रतिजैविकाची सोय तेथे होऊ शकते. हाडाची शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरण तपासणी लागल्यास अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था शेगाव-खामगावकरांना सर्वांत जवळची पडते. प्रवासात पिंजऱ्यापेक्षा अंधारे खोके सुरक्षित असते.

पुढच्या आठवड्यात विष्ठा आणि वजन या दोन गोष्टींवर नजर ठेवावी. निरोगी पोपटाच्या विष्ठेत हिरवट-तपकिरी मळ, पांढरे युरेट आणि पाण्यासारखे मूत्र असे तीन भाग वेगळे दिसतात. ती काळपट व चिकट झाली तर पोटात रक्तस्राव झाल्याची शंका घ्यावी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी, खाण्यापूर्वी वजन करावे. दहा टक्क्यांची घट, म्हणजे १२० ग्रॅमच्या पोपटात बारा ग्रॅम, ही डॉक्टरकडे जाण्याची वेळ आली असे दर्शवते. पिंजरा साफ करताना वाळलेल्या विष्ठेवर आधी पाणी शिंपडून नाका-तोंडावर फडके बांधावे, कारण क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू तिच्या धुळीतून माणसात शिरून न्यूमोनियासारखा आजार निर्माण करतो.

मुळापासून निघालेल्या पिसाच्या जागी काही आठवड्यांत नवे पीस येते, छाटलेले किंवा मधूनच मोडलेले पीस मात्र पुढच्या पिसेगळतीपर्यंत तसेच राहते. नवे येणारे एकटे पीस शेजारच्या पूर्ण वाढलेल्या पिसांचा आधार नसल्याने पुन्हा मोडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून ते पूर्ण उघडेपर्यंत पिंजऱ्याचे दार बंद आणि खोलीतला पंखा थांबलेला असणे इष्ट.