गर्भिणीचा आहार आणि अपत्याचा शुक्रधातू

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाणे बंदराविषयी लिहिताना एका विलक्षण कराराची नोंद केली आहे. चाच्यांनी लुटलेल्या मालापैकी घोडे तेवढे राजाला द्यावेत, बाकीचा माल त्यांनी ठेवावा, असा तो करार. समुद्रमार्गे येणारा घोडा इतका मोलाचा होता. त्याच प्रवासवर्णनात तो तमिळ किनाऱ्याविषयी सांगतो, की तेथे घोड्यांना मांस घालून शिजविलेला भात देतात आणि उमद्या घोडीलाही खुरटे, वाकड्या पायांचे शिंगरू होते. त्याने दोष हवामानाला दिला. मातेच्या आहाराकडे त्याचे लक्ष गेले नाही.

आपल्या शास्त्राचे मात्र ते गेले होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगताना, नित्य कटुरस सेवन करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य दुर्बल, अल्पशुक्र वा अनपत्य होते, तर नित्य मधुर सेवन करणारीचे प्रमेही, मूक वा अतिस्थूल होते, असे म्हटले आहे. हा संदर्भ आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला. चिकित्सालयात त्याची आठवण किती ठेवतो?

फ्रान्समधील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. त्याच्या मध्यापासून विण्यापर्यंत १२ घोड्यांना केवळ चारा, तर १२ घोड्यांना चाऱ्यासोबत भरडलेले जव देण्यात आले. पुढे नर शिंगरांचे १२ व्या महिन्यात खच्चीकरण करून वृषणांची सूक्ष्म तपासणी केली. केवळ चाऱ्यावर राहिलेल्या मातांच्या शिंगरांत वृषणांची परिपक्वता मागे पडलेली आढळली. दूध तोडल्यानंतरची वजनवाढ दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे वजनकाट्यावर हा फरक दिसलाच नसता.

मग जव देणे श्रेयस्कर ठरले काय? तसेही नाही. वीस ते चोवीस महिन्यांच्या वयात सर्व शिंगरांना गरजेहून बराच अधिक खुराक दिला, तेव्हा इन्शुलिनची संवेदनशीलता जव खाल्लेल्या मातांच्या शिंगरांत अधिक घटली. गर्भावस्थेतील आणि नंतरचे संतर्पण एकावर एक चढले, की देह ते सोसत नाही, असा बोध त्यातून घेता येतो.

येथे सावध राहणे अगत्याचे आहे. घोड्या अवघ्या २४ होत्या, तपासणी वृषणांची झाली, प्रजननक्षमतेची नव्हे, आणि कटुरसाची परीक्षा तर झालीच नाही. यव म्हणताच आपल्याला लेखन कर्म आठवते, परंतु चाऱ्यावर जोड म्हणून दिलेले जव घोडीसाठी पिष्टमय खुराक ठरतात. म्हणून हा अभ्यास चरकवचनाचा पुरावा नव्हे. तो इतकेच दाखवितो, की मातेच्या आहाराचा ठसा अपत्याच्या प्रजननांगांवर उमटू शकतो. चरकवचनाचा आमच्या मते खरा भार ‘नित्य’ या शब्दावर आहे. दोष रसात नाही, एकाच रसाच्या सातत्यात आहे.

डोंबिवली-कल्याणहून रोज लोकल पकडणारी गर्भिणी सकाळी उपाशी निघते, दुपारी वडापाव किंवा तिखट मिसळ खाते आणि संध्याकाळी आम्लपित्ताची तक्रार घेऊन औषधालयाच्या काउंटरवर येते. तेथे तिला अविपत्तिकर चूर्ण सहज मिळते. त्यात त्रिकटू तर आहेच, शिवाय विरेचक त्रिवृत् मोठ्या प्रमाणात आहे. हिंग्वाष्टकही त्रिकटुयुक्तच. औषधालयाच्या चालकांनी चूर्ण देण्यापूर्वी ‘दिवस गेले आहेत का? कितवा महिना?’ एवढे विचारावे आणि तिला वैद्याकडे पाठवावे.

वैद्यांनी मासानुमासिक क्रमातील क्षीर, नवनीत, सर्पी व यवागू अवश्य योजावेत, परंतु अग्नी पाहून. सर्वांना सरसकट तूप-दूध सांगण्याआधी रक्तशर्करा तपासून घ्यावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी ती १४० मिलिग्रॅम वा अधिक आली, तर मधुर-स्निग्धाचा विचार नव्याने करावा लागेल आणि प्रसूतितज्ज्ञांशी बोलावे लागेल.

शेवटी एक विनंती. घोडीच्या या अभ्यासाचा आधार घेऊन कोणत्याही गर्भिणीकल्पाच्या वेष्टनावर अपत्याच्या शुक्राविषयी दावा छापू नये. केसपेपरवर मात्र औषधाआधी आहाराची नोंद करावी. रोज काय खाता, हे विचारायला दोन मिनिटे पुरतात. त्याचा परिणाम दिसायला कदाचित एक पिढी लागेल.