पदके कशी वाचावीत

वस्तुसंग्रहालयात तलवारी आणि तोफा यांच्याभोवती मुलांची गर्दी जमते. पदकांच्या काचपेटीपाशी मात्र ती क्षणभर थांबतात व पुढे जातात. ओळीने मांडलेल्या त्या लहानशा चकत्या आणि त्यांना लावलेल्या रंगीत फिती. त्यांत पाहावयाचे ते काय, असे त्यांना वाटते. परंतु पदक नुसते पाहावयाचे नसते. ते वाचावयाचे असते.

प्रथम फीत पाहावी. प्रत्येक पदकाच्या फितीचा रंग ठरलेला असतो. नेहमीच्या कामावर सैनिक पदके लावीत नाही. फितींचे लहान तुकडे तेवढे छातीच्या डाव्या बाजूस लावतो. जाणकाराला तेवढ्यावरून त्याने कोठे व कशी सेवा केली हे कळते. ओळीतील सर्वांत मानाचे पदक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडे, म्हणजे आरंभी असते.

नंतर ते पदक सेवेचे की शौर्याचे, हे ओळखावे. ९, २० किंवा ३० वर्षे निष्कलंक सेवा केल्याबद्दल पदके असतात. सियाचीनच्या हिमनदीवर पहारा केल्याबद्दलही पदक असते. यांना कोणी कमी लेखू नये. रक्त गोठविणाऱ्या थंडीत जागचे न हलणे, ही काही सोपी गोष्ट नव्हे.

रणांगणावरील शौर्याच्या पदकांत परमवीरचक्राला अग्रस्थान आहे. २६ जानेवारी १९५० रोजी ते स्थापन झाले, आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आले. एवढे थोर पदक, पण ते सोन्याचे नाही, रुप्याचेही नाही. साध्या कांस्य धातूचे आहे. त्याची फीत जांभळी असून तिच्यावर एकही पट्टा नाही. मध्यभागी राजमुद्रा व तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे कोरलेली आहेत. वृत्रासुराच्या वधासाठी दधीची ऋषींनी आपली हाडे दिली व त्यांचे वज्र घडविले, ही पुराणकथा सर्वश्रुत आहे. ती या पदकावर आणली सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या, आणि येथील पुराणे त्यांनी मोठ्या आवडीने अभ्यासिली.

१९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत हे पदक २१ वीरांना मिळाले. त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर देण्यात आले. त्यांच्या छातीवर ते कधी रुळलेच नाही.

जिवंतपणी ते मिळविणाऱ्यांत कारवारजवळील चेंडिया गावचे रामा राघोबा राणे होते. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून व झाडे आडवी पाडून बंद केला होता. राणे हे अभियंता दलातील अधिकारी. पहिल्याच दिवशी त्यांचे दोन सहकारी ठार झाले आणि ते स्वतः जखमी झाले; तरीही गोळ्यांच्या वर्षावात ते सुरुंग काढीत राहिले. शत्रूवर चाल करून जाणे हे त्यांचे काम नव्हते. मागून येणाऱ्या रणगाड्यांना वाट करून देणे, एवढेच होते. ११ एप्रिलपर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला, आणि त्याच वाटेने सेना पुढे राजौरीत शिरली.