एक्सप्रेसमध्ये मिडलवेअर आणि राउटिंग: एक ओळ चुकीच्या जागी पडली आणि गिऱ्हाइकांची यादी उघडी पडली



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण नोड जेएस आणि एक्सप्रेस वापरून ऑर्डर घेणारी छोटी साईट बनवली. व्हिडिओ लांबला, आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग मी शेवटी घाईत गुंडाळला. तो भाग म्हणजे मिडलवेअर आणि राउटिंग. कोड व्हिडिओत स्क्रीनवर आहेच, म्हणून इथे कोड देत नाही. तो का तसा लिहायचा, एवढंच समजावून सांगतो.

"भाऊ, मी काय कोडिंग करणार नाही, पोराकडून साईट करून घेणार आहे," असं म्हणणाऱ्यांनी तर हे आधी वाचा. काम दुसऱ्याचं असलं तरी नाव तुमच्या दुकानाचं जातं.

माझ्याकडून काय झालं

दुकानाची पहिली साईट मी स्वतः बनवली होती. हळद पावडर आणि पूजा साहित्याच्या ऑर्डरी त्यावर यायच्या. एके दिवशी परभणीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "दादा, तुमच्या साईटवर माझा मोबाईल नंबर आणि पत्ता दिसायलाय. माझाच नाही, सगळ्यांचाच."

बघितलं तर खरंच. ऑर्डरची पूर्ण यादी, लॉगिन न करता, फक्त पत्ता टाईप केला की उघडत होती. ४१ गिऱ्हाइकं होती. हॅकर वगैरे कोणी नव्हता. आदल्या रात्री मी यादीचं नवीन पान जोडलं होतं आणि त्याची ओळ लॉगिन तपासणीच्या ओळीच्या वर लिहिली होती. बस, एवढंच.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. ४१ जणांना फोन करून माफी मागायला दोन दिवस लागले.

रिक्वेस्ट म्हणजे काय

गिऱ्हाईक मोबाईलवर तुमची साईट उघडतं तेव्हा त्याचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरला एक चिठ्ठी पाठवतो. तिला रिक्वेस्ट म्हणतात. तिच्यात मुख्य चार गोष्टी असतात: काय करायचंय (गेट म्हणजे दाखवा, पोस्ट म्हणजे ही माहिती घ्या), कोणत्या पत्त्यावर, सोबतची ओळख-माहिती म्हणजे हेडर, आणि फॉर्म भरला असेल तर आतला मजकूर म्हणजे बॉडी. सर्व्हर परत पाठवतो तो रिस्पॉन्स.

या मधल्या प्रवासात काय काय होतं ते एक्सप्रेस सांभाळतं. नोड जेएस २००९ साली रायन डाल यांनी आणलं, आणि पुढच्याच वर्षी टीजे होलोवेचक यांनी त्यावर एक्सप्रेस बनवलं. लॅराव्हेल, जँगो यांच्यातही हीच कल्पना आहे, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही.

मिडलवेअर: रांगेतले टप्पे

आपल्या नरसीला आषाढीनंतरची परतवारी आठवा. पंढरपूरहून परतणारे वारकरी, हजारोंची रांग. कुठल्याही मोठ्या यात्रेत माणूस थेट गाभाऱ्यात जात नाही. आधी चप्पल काढायची, मग पिशवी तपासायची, मग बॅरिकेडमधून पुढे.

मिडलवेअर म्हणजे या रांगेतला एकेक टप्पा. कोडमध्ये ते एक साधं फंक्शन असतं. त्याच्या हातात तीन गोष्टी येतात: आलेली रिक्वेस्ट, द्यायचा रिस्पॉन्स, आणि नेक्स्ट, म्हणजे "चला, पुढे सरका". प्रत्येक टप्प्याला तीन कामं करता येतात:

१. रिक्वेस्टवर काही काम करणं. उदा. बॉडीतला मजकूर उलगडून देणं, वेळ नोंदवणं.
२. इथूनच उत्तर देऊन परत पाठवणं. उदा. "लॉगिन नाही, आत जाता येणार नाही."
३. नेक्स्ट म्हणून पुढच्या टप्प्याकडे सोडणं.

नवीन पोरं इथे दोन चुका करतात. उत्तरही दिलं नाही आणि नेक्स्टही म्हटलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर गोल गोल चकरी फिरत राहते. त्याला वाटतं रेंज गेली, आणि तो दुसऱ्या दुकानात जातो. दुसरी चूक उलटी: उत्तर देऊन झालं, पण खाली रिटर्न लिहिलं नाही, म्हणून कोड पुढे जाऊन नेक्स्टही म्हणतो. मग एकाच रिक्वेस्टला दोनदा उत्तर द्यायला जातो आणि एरर येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्सप्रेस ही रांग वरून खाली, ज्या क्रमाने तुम्ही लिहिली त्याच क्रमाने चालवतं. माझ्या यादीची ओळ तपासणीच्या वर होती. यादीने उत्तर देऊन टाकलं, रांग तिथेच संपली, तपासणीपर्यंत रिक्वेस्ट पोचलीच नाही. पहारेकरी जागेवर होता, पण दरवाजा त्याच्या अलीकडेच होता.

राउटिंग: कोण कोणत्या खिडकीवर

रांगेतून आत आल्यावर देणगीची खिडकी वेगळी, प्रसादाची वेगळी. राउटिंग म्हणजे हेच वाटप. गेट पद्धतीने "उत्पादने" या पत्त्यावर आला तर मालाची यादी दाखवा, पोस्ट पद्धतीने "ऑर्डर" वर आला तर ऑर्डर नोंदवा. पत्ता तोच असला तरी गेट आणि पोस्ट या दोन वेगळ्या खिडक्या आहेत.

इथेही क्रम लागतो. समजा "ऑर्डर" नंतर काहीही आलं तर तो ऑर्डर क्रमांक समजायचा, असा राऊट तुम्ही आधी लिहिला, आणि "ऑर्डर/नवीन" हा त्याच्या खाली. मग "नवीन" हाच क्रमांक समजून सर्व्हर डेटाबेसमध्ये शोधत बसेल. म्हणून ठराविक पत्ता वर, मोकळा पत्ता खाली.

मी माझी चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते सांगतो. नुसती ओळ खाली नेली असती तर सहा महिन्यांनी परत तीच चूक झाली असती. मालकाची सगळी पानं मी एका वेगळ्या राउटरमध्ये टाकली, आणि त्या अख्ख्या राउटरच्या तोंडावर लॉगिन तपासणी लावली. आता आत कितीही पानं वाढवा, वाट एकच आहे आणि ती तपासणीतूनच जाते.

पण लॉगिन तपासलं म्हणजे झालं असं नाही. गिऱ्हाईक लॉगिन करून स्वतःची ऑर्डर १५ बघतंय. त्याने पत्त्यात १५ च्या जागी १६ केलं तर? ती ऑर्डर त्याचीच आहे का, हे त्या राऊटमध्ये वेगळं तपासावं लागतं. ओळखच पटली नाही तर ४०१, ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३, हे उत्तराचे कोड त्यासाठीच आहेत.

जिथे ओळ वरच पाहिजे

मंडळी, वर लिहिलेलं सगळंच वाईट नसतं. ऑनलाईन पेमेंट झालं की पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला स्वतःहून कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. सोबत तो एक सही पाठवतो. ही सही बॉडीतल्या मूळ मजकुरावरून आणि तुमच्या गुप्त किल्लीवरून काढलेली असते. तुम्हीही तशीच काढायची आणि जुळवून बघायची. जुळली तरच पैसे आले म्हणायचं.

गंमत अशी की जेसन उलगडणारं मिडलवेअर आधी चाललं तर मूळ मजकूर हातात राहत नाही. तो परत जोडायला गेलात आणि एक स्पेस जरी बदलली तरी सही जुळत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे कटतात आणि तुमच्याकडे ऑर्डर "बाकी" दिसते. म्हणून वेबहुकचा राऊट जेसनच्या ओळीच्या वर, कच्ची बॉडी घेणाऱ्या मिडलवेअरसह लिहायचा. लॉगिन तपासणीही त्याला नको, गेटवे काही लॉगिन करत नाही. सही हीच त्याची तपासणी.

रांगेच्या शेवटी दोन माणसं

सगळ्या राऊटच्या खाली "हे पान सापडलं नाही" म्हणजे ४०४ देणारं मिडलवेअर ठेवा. कोणत्याच खिडकीने घेतलं नाही तर रिक्वेस्ट तिथे पोचते. त्याच्याही खाली एरर सांभाळणारं. त्याला तीन नाही, चार गोष्टी लागतात, पहिली म्हणजे एरर. चारपैकी एक लिहायची राहिली तर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतं. एररचा तपशील स्वतःच्या नोंदीत ठेवा, गिऱ्हाइकाला फक्त "थोडी अडचण आहे, पुन्हा प्रयत्न करा" एवढंच दाखवा.

व्हर्जनही विचारा. एक्सप्रेस ५ हे २०२४ मध्ये आलं. असिंक फंक्शनमध्ये काही फसलं तर ते आपोआप एरर मिडलवेअरकडे पाठवतं. ४ मध्ये ते काम स्वतः करावं लागतं.

साईट घेण्याआधी विचारायचे प्रश्न

१. मालकाची सगळी पानं एकाच राउटरमध्ये, एकाच तपासणीमागे आहेत का?
२. ऑर्डर क्रमांक बदलला तर दुसऱ्याची ऑर्डर दिसते का?
३. वेबहुकची सही तपासली जाते का?
४. ४०४ आणि एरर मिडलवेअर शेवटी आहेत का?

नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मोबाईलवर इनकॉग्निटो विंडो उघडा, लॉगिन करू नका, आणि मालकाच्या प्रत्येक पानाचा पत्ता टाकून बघा. एकही पान उघडलं तर साईट चालू करायची नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवायचंही त्यात आहे. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला दंडाच्या आधी दुसरीच गोष्ट लागते. त्या ४१ पैकी ३ गिऱ्हाइकांनी परत कधी ऑर्डर दिली नाही. फोन करणारे परभणीचे दादा मात्र आजही हळद माझ्याकडूनच घेतात, कारण त्यांना मी त्याच दिवशी खरं काय ते सांगितलं.

पुढच्या व्हिडिओत हाच राउटर कोडमध्ये बांधून दाखवतो. तोवर आपापल्या साईटवर इनकॉग्निटोची परीक्षा घ्या, आणि काय सापडलं ते कळवा.