त्याच गावातला शेजारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. केंद्र लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ होतं, पण सास्तूरसारखी धाराशिव जिल्ह्यातली गावंही काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. एवढ्या माणसांना कशानं मारलं, यावर वाद झाला नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवून जड झालेली माळवदं, हे उत्तर ढिगाऱ्यातच सगळ्यांना दिसलं. ५२ गावं नव्या जागी उठवून बसवली गेली, हजारो घरं भूकंपाचा विचार करून बांधली गेली. कामात उणिवा राहिल्या असतील, पण कारण आणि उपाय यांच्यामध्ये फार अंतर पडलं नाही.

याच धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या एका मृत्यूची मोजणी गेली दोन दशकं चालू आहे. २०१५ च्या दुष्काळात एकट्या धाराशिवमध्ये शंभराहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. ते एकाच पहाटे गेले असते तर देश हलला असता. ते गेले कळंबमध्ये एक, चार दिवसांनी वाशीत एक, मग परंड्यात, मग तुळजापुरात, असे. आणि प्रत्येक मृत्यूनंतर पंचनाम्यासोबत एकच प्रश्न गावात आला: यानं असं का केलं?

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न कितीही माणुसकीचा असला तरी तोच आपल्याला कारणापासून दूर नेतो. हे कसं घडतं ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झालो, आणि ते आश्चर्य अजूनही ओसरलेलं नाही.

सुरुवात फ्रान्समधून करू. १८९७ साली एमिल द्यूर्केम या समाजशास्त्रज्ञानं आत्महत्येवर एक पुस्तक लिहिलं. त्यानं युरोपातल्या देशांचे वर्षावर्षाचे आकडे शेजारी शेजारी मांडले. आत्महत्येहून अधिक खासगी, अधिक एकाकी निर्णय दुसरा कुठला असेल? कुणाचं दिवाळं निघालेलं, कुणाचा प्रेमभंग, कुणाला आजार. तरीही एका देशाचा आकडा वर्षानुवर्षं जवळपास तेवढाच राहत होता, आणि शेजारच्या देशाचा वेगळा, पण तोही तेवढाच. माणसं दरवर्षी नवी, दुःखं नवी, आणि बेरीज तीच. म्हणजे एकेका माणसाच्या कहाणीपलीकडे, त्या समाजाच्या घडणीतच काहीतरी असं असलं पाहिजे जे ही बेरीज ठरवतं.

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९८५ मध्ये, जेफ्री रोझ या ब्रिटिश डॉक्टरनं हाच विचार आणखी धारदार केला. त्यानं कल्पना करायला सांगितली: समजा, देशातला प्रत्येक माणूस दिवसाला वीस सिगारेटी ओढतो. अशा देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण शोधायला संशोधक निघाले. आजारी आणि निरोगी माणसांची तुलना केली, तर सिगारेट दोघांच्याही ओठांत सापडेल. मग फरक कशात दिसणार? अनुवंशात. आणि सगळे अगदी प्रामाणिकपणे सांगतील, की हा घराण्यातून येणारा आजार आहे. जे सगळीकडे आहे ते तुलनेत दिसतच नाही. खरं कारण सर्वांत मोठं असतं म्हणूनच ते नजरेतून सुटतं.

आता धाराशिवला या. गावात, कचेरीत, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्याच गावात, तेवढीच जमीन, तेवढंच कर्ज असलेला शेजारी जगतोच की!’ वाक्य बिनतोड वाटतं. मग गेलेल्या माणसात आणि शेजाऱ्यात काय वेगळं होतं याचा शोध सुरू होतो. दारू निघते, मुलीचं लग्न निघतं, घरातलं भांडण निघतं, ‘स्वभावानं हळवा होता’ हेही निघतं. यातलं काही खोटं नसतं. पण दोघांच्या बांधावर सारखंच असलेलं सगळं या तुलनेतून गळून पडतं. बालाघाटच्या पठारावरचा पर्जन्यछायेतला बेभरवशाचा पाऊस दोघांचाही तोच. खरिपाचा सगळा डाव एका सोयाबीनवर, आणि त्याचा भाव काढणीच्या वेळी पडलेला, हेही दोघांचं सारखंच. जिल्हा बँकेचा मोठा पैसा साखर कारखान्यांकडे थकला, शेतकऱ्याला पीककर्ज मिळेना, त्याची झळ दोघांना बसली. आणि नुसता दुष्काळच म्हणावा, तर सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात अतिवृष्टीनं पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून नेली. शेजारी जगला म्हणून ही कारणं नाहीशी होत नाहीत. वीस सिगारेटी ओढूनही सगळ्यांनाच कर्करोग होत नाही.

आपल्या सरकारी कागदानं तर हा घोटाळा पक्काच करून टाकला आहे. डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयानं आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ती कुणाला द्यायची हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. शेती कुटुंबाच्या नावावर होती का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? ते थकलं होतं का? उत्तरं जुळली तर प्रकरण ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने पैसे, बिनपरवाना सावकाराची चिठ्ठी, दुकानदाराची खत-बियाण्याची उधारी या चौकटीत बसत नाही. जन्मभर रानात राबलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर तिचा मृत्यू शेतकऱ्याचा म्हणून सिद्ध करणंच अवघड. मदत देण्यासाठी काही निकष लागणार, हे मला मान्य आहे. पण ही चाळणी मदतीपुरती न राहता कारणाची होऊन बसली. अपात्र ठरलेला माणूस शेतीच्या कारणानं गेलाच नाही, असं आपण नकळत मानू लागलो.

कारणांबद्दल जाणकारांचं एकमत नाही, हेही खरं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बोट ठेवलं भावावर: सरकारनंच शेतमालाचे भाव पाडले. अंबाजोगाईचे अमर हबीब कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन या कायद्यांना शेतकऱ्याच्या गळ्यातला फास म्हणतात. पी. साईनाथ बँकांनी छोट्या शेतकऱ्याकडे फिरवलेली पाठ दाखवतात. मनोविकारतज्ज्ञ उपचाराविना राहिलेल्या नैराश्याबद्दल सांगतात. मला यातला प्रत्येक जण काही ना काही खरं सांगताना दिसतो. अडचण अशी, की प्रत्येक कारणाची जबाबदारी कुणावर तरी येते, आणि ज्याच्यावर येते त्याला दुसरं कारण अधिक पटतं. कर्जमाफी मात्र सगळ्यांना चालते. ती २००८ मध्ये झाली, २०१७ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली. तिनं श्वास घ्यायला जागा मिळते, पण पुढच्या खरिपाला सगळी परिस्थिती जागच्या जागी असते.

हा आंधळेपणा मराठवाड्याचाच नाही. अमेरिकेत शाळेत, बाजारात, चित्रपटगृहात गोळीबार होतो आणि दुसऱ्या दिवशी देश एकाच माणसाच्या मागे लागतो: त्याची वही, त्याचं बालपण, त्याची औषधं. लोकांच्या हातांतल्या बंदुका ही तिथली वीस सिगारेटींची गोष्ट. सगळीकडे आहेत, म्हणून कुणाच्याच कहाणीत वेगळ्या उठून दिसत नाहीत. १९९६ मध्ये जे डिकी या खासदारानं एक तरतूद मंजूर करून घेतली, आणि तिच्या धाकानं तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं बंदुकांवरचं संशोधन जवळपास वीस वर्षं आवरतं घेतलं. कारण सापडू नये यासाठी शोधच थांबवला गेला. २०१२ मध्ये खुद्द डिकींनीच, पूर्वी ज्याच्याशी भांडले त्या शास्त्रज्ञाबरोबर लेख लिहून, संशोधन व्हायलाच हवं असं जाहीर सांगितलं. त्याच १९९६ साली ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे एका माणसानं ३५ जणांना गोळ्या घातल्या. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारनं बारा दिवसांत सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेतल्या. त्या मारेकऱ्याच्या मनात काय होतं याचं उत्तर मिळेपर्यंत ते थांबले नाहीत.

आणि आता ती गोष्ट, जिनं मला सगळ्यांत जास्त चकित केलं. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होतं, आणि त्यातले बरेच मृत्यू शेतीच्या विषारी औषधांनी होत होते. सरकारनं सर्वांत घातक औषधं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढून घेतली. गरिबी संपली नव्हती, यादवी युद्ध २००९ पर्यंत चालू होतं, कर्जं होतीच. तरीही पुढच्या वीस वर्षांत आत्महत्येचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. अभ्यासकांच्या अंदाजानं ९३ हजार जीव वाचले, आणि पिकांचं उत्पादनही घटल्याचं दिसलं नाही.

हे शक्य झालं, कारण तो क्षण फार लहान असतो. मरण्याची इच्छा अटळ, पक्की असते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या क्षणी घरात घातक वस्तू नसली, दारात कुणी आलं, दवाखान्यात जीव वाचला, तर वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसं पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. ती जगतात, नातवंडं पाहतात. भारतानंही २०१८ मध्ये काही घातक कीटकनाशकांवर बंदी घातली. पण धाराशिवमध्ये शेतकरी आत्महत्येवर भाषण होतं तेव्हा कृषी सेवा केंद्राच्या फळीवर काय विकायला ठेवलं आहे हा मुद्दा निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जिल्ह्यानं काही पावलं टाकली आहेत, आणि ती या विचाराच्या जवळची आहेत. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) या दोनच जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू झालं. त्याच वर्षी आरोग्य खात्याच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, असं विचारू लागल्या. कर्ज किती, हे विचारण्याआधी झोप लागते का, हे विचारणं मला मोठं पाऊल वाटतं. आज टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येतं. भूकंपाच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं इथल्या बायकांना घरच्या रानातली एक एकर मागायला शिकवलं. त्या एकरात भाजी, डाळ, ज्वारी असं मिसळून पेरलं जातं. सोयाबीन बुडालं तरी चूल पेटते. एका सोयाबीनवर लावलेला डाव इथे थोडा तरी विभागला जातो.

राहिला कागद. जिल्हाधिकारी कार्यालयात पात्र आणि अपात्र, दोन्ही प्रकरणांच्या फायली आहेत. प्रत्येक फाईल एकदाच उघडली, एका कुटुंबासाठी, एका निकालासाठी. त्या सगळ्या एकत्र काढाव्यात, शिक्का न पाहता. मृत्यू कुठल्या महिन्यात झाला, पेरणीनंतर की काढणीनंतर. गाव कोणतं, तिथल्या बँकशाखेनं त्या वर्षी कर्ज वाटलं होतं का. पीक कोणतं, पाऊस किती. दवाखाना किती लांब. औषध कोणतं आणि ते कुठून आणलेलं, हे तक्त्यावर मांडावं. नावं झाकून ठेवता येतील. बाईच्या नावापुढे ‘शेतकरी’ लिहिलेलं नसलं तरी तिची फाईल त्यात असावी. हे काम एका तालुक्यापासून सुरू करता येईल, आणि त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही.