लेझर शस्त्रक्रियेनंतरचे डोळे : एकोणीस वर्षांचा अनुभव

मेळघाटातून शिकून बाहेर पडणाऱ्या अनेक मुलामुलींच्या नजरेसमोर वनरक्षक, पोलीस किंवा सैन्यातील नोकरी असते. भरतीच्या जाहिरातीत दृष्टीचा निकष आला, की चष्मा असलेला विद्यार्थी थबकतो आणि ‘सर, लेझरने नंबर कायमचा जातो का?’ असे विचारतो. सेमाडोहला विज्ञान शिकवीत असताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. ही शस्त्रक्रिया २००५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मी स्वतः करून घेतली आहे.

निकटदृष्टितेत बहुधा डोळ्याचा गोल पुढून मागे थोडा अधिक लांब असतो. त्यामुळे फळ्यावरील अक्षरांची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. डोळ्यात शिरणारे किरण वळवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम आतले भिंग करीत नाही. ते सर्वांत पुढचे पारदर्शक पारपटल करते. पारपटलाचा मध्यभाग थोडा सपाट केला, तर किरण कमी वळतात आणि प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते. शस्त्रक्रियेचे सारे तत्त्व एवढेच आहे.

अडचण होती ती इतके सूक्ष्म कोरण्याची. पारपटलाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत, मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेझर चालवून पाहिला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा भाग न भाजता स्वच्छ खाच पाडली. दोनच वर्षांत स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने हे किरण पारपटलावर वापरता येतील हे दाखवून दिले. ‘लॅसिक’ पद्धतीत आधी पारपटलाचा एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खालचा थर लेझरने कोरतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. टाके लागत नाहीत.

माझा नंबर उजव्या डोळ्यात उणे साडेपाच आणि डाव्यात उणे पाच होता. एका डायॉप्टरसाठी ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो, म्हणजे उजव्या डोळ्यातून सत्तरच्या आसपास मायक्रॉन गेले. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) भूल केवळ थेंबांची होती. लेझर प्रत्यक्षात काही सेकंदच चालला; केस जळल्यासारखा वास मात्र आजही आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या पाट्या चष्म्याविना वाचल्या. तो आनंद शब्दांत सांगण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

पहिले वर्ष तसे सोपे गेले नाही. पापुद्रा कापताना पारपटलातील बारीक नसा तुटतात, त्यामुळे डोळ्यांना आपण कोरडे पडलो आहोत हे वेळेवर समजत नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचे. कृत्रिम अश्रूंचे थेंब मी वर्षभर वापरले. पुढे त्रास बराच कमी झाला, पण उन्हाळ्यात ती बाटली अजून सोबत असते. रात्री परतवाड्याहून घटांगमार्गे येताना समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत. ती विरली, पण पूर्ण गेली नाहीत.

दहाव्या वर्षापर्यंत नंबर शून्याजवळ होता. आज उजव्या डोळ्यात उणे पाऊण, डाव्यात उणे अर्धा आहे आणि रात्री गाडी चालवताना मी चष्मा लावतो. नंबर असा थोडा परतणे अनपेक्षित नाही. चाळिशीनंतर वाचण्याचा चष्माही आला, कारण वृद्धदृष्टिता आतले भिंग ताठर झाल्याने येते आणि लेझर त्या भिंगाला स्पर्शही करीत नाही. माझे एक सहकारी जन्मभर उणे तीनचा चष्मा वापरतात. आज ते चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतात आणि मी लावून वाचतो! तरीही मिळालेल्या वर्षांचा हिशेब करता मला हा व्यवहार पटतो. बहुसंख्य रुग्णही समाधानीच असतात.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते. मोठा उणे नंबर असलेल्या डोळ्यात दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका अधिक असतो आणि तो शस्त्रक्रियेनंतरही कायम राहतो. डोळ्यापुढे अचानक विजेसारखे चमकले, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब मोजणीत खरा आहे त्याहून कमी येतो आणि काचबिंदू निसटू शकतो. पुढे मोतीबिंदू झाला, तर बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती काढणेही अवघड होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजमापांचे कागद जन्मभर सांभाळावेत. माझे कागद जमिनीच्या सातबाऱ्यासोबत ठेवलेले आहेत.

सगळ्यांनाच ही शस्त्रक्रिया करता येत नाही. वय अठरा पूर्ण असावे आणि नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. पारपटल मुळात पातळ किंवा शंकूसारखे फुगणारे असेल, तर ते आणखी कोरल्याने पुढे सरकून दृष्टी बिघडते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा डॉक्टरच आपला हितचिंतक समजावा. खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो. साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरसाठी आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही.

शाळेतल्या मुलांसाठी चष्माच योग्य. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय मुलांची नेत्रतपासणी होते आणि गरजूंना मोफत चष्मे मिळतात; फळ्यावरचे वहीत उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहणारा मुलगा त्या तपासणीला अवश्य पाठवावा. भरतीची तयारी करणाऱ्यांनी पैसे जमवण्याआधी त्या पदाचे वैद्यकीय निकष वाचावेत. काही पदांना लेझर केलेले डोळे चालतात, काहींना चालत नाहीत, आणि सैन्याच्या काही पदांसाठी वय, शस्त्रक्रियेनंतरचा काळ आणि डोळ्याची लांबीही पाहिली जाते. शस्त्रक्रिया लपवण्याचा विचारही करू नये. पारपटलाचा नकाशा काढणाऱ्या यंत्राला ती वीस वर्षांनंतरही दिसते.