शिवशस्त्र शौर्यगाथा (नागपूर प्रदर्शन)

शिवशस्त्र शौर्यगाथा हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे आणि त्यांच्या जोडीने मांडलेली शिवकालीन शस्त्रे यांचे फिरते प्रदर्शन आहे. महाराष्ट्र शासनाने आयोजित केलेले हे प्रदर्शन जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात सुरू झाले व फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजेच 'अजब बंगल्या'त आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध केला, त्या प्रसंगाशी ही वाघनखे परंपरेने जोडली जातात. ती भारताला परत मिळालेली नाहीत. तीन वर्षांच्या मुदतीने उसनी आलेली आहेत. प्रतापगडावरील वाघनखे हीच होत, याची खातरजमा करता आलेली नाही, असे ती जतन करणाऱ्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे.

शस्त्राचे स्वरूप

वाघनख हे पोलादी आखूड शस्त्र आहे. एका आडव्या पट्टीला वाघाच्या नखांसारखी वाकडी, टोकदार पाती बसवलेली असतात आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना कड्या असतात. तर्जनी व करंगळी या कड्यांत अडकवली की पट्टी मुठीत बसते आणि नखे तळहाताच्या बाजूस झाकली जातात. पाठीमागून पाहणाऱ्याला हातात दोन अंगठ्या आहेत असेच वाटते. नखांची संख्या बहुधा चार किंवा पाच असते. काही नमुन्यांत पट्टीच्या एका टोकाला लहान पातेही जोडलेले आढळते. रणांगणावर तलवारीपुढे हे शस्त्र टिकणार नाही. त्याचा उपयोग अगदी अंगाशी भिडल्यावर, आणि लपवता येते यातच त्याचे सामर्थ्य.

कृष्णाजी अनंत सभासद याने छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जी बखर लिहिली, तीत भेटीच्या वेळी महाराजांच्या डाव्या हातात वाघनख व उजव्या हातात बिचवा असल्याचे वर्णन आहे. प्रसंग आणि बखर यांत सुमारे तीन तपांचे अंतर असले, तरी सभासद हा महाराजांच्या पदरी वावरलेला माणूस होता, हे ध्यानात घ्यावे लागते. पुढच्या काळात पोवाडे, कीर्तने, शालेय पुस्तके आणि चित्रे यांतून बिचवा मागे पडत गेला आणि वाघनखेच लोकस्मृतीत ठसली.

साताऱ्याहून लंडनला

या शस्त्राचा खात्रीने सांगता येणारा प्रवास १८१८ च्या सुमारास सुरू होतो. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाने जून १८१८ मध्ये शरणागती पत्करली व त्याची रवानगी कानपूरजवळ बिठूर येथे झाली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि त्यांच्या दरबारी कंपनीचा अधिकारी म्हणून कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याची नेमणूक केली. हाच तो मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक. त्याचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, कॅप्टन डेव्हिड केपन याने तो मराठीत आणला, आणि पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर लिहिलेली टीका मराठी इतिहाससंशोधनाच्या आरंभीच्या लेखनात गणली जाते. ग्रँट डफच्या ग्रंथात अफझलखान प्रकरणी वाघनख व बिचवा या दोहोंचेही वर्णन आहे.

ग्रँट डफ स्कॉटलंडमधील ईडन या आपल्या गावी परतला, तेव्हा ही वाघनखे त्याच्यासोबत गेली. तेथे त्यांच्यासाठी खास पेटी करण्यात आली. पेटीवरील इंग्रजी लेखाचा आशय असा : शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीस मारले ते हे वाघनख असून, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचे रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानाकडून त्यांना ते मिळाले.

या तीन ओळींत दोन ठळक चुका आहेत. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. आणि पेशवा हा स्वतःच छत्रपतींचा मुख्य प्रधान असल्यामुळे 'पेशव्याचा प्रधान' हा शब्दप्रयोगही गोंधळाचा आहे. ज्याने अफझलखानाला विजापूरचा सेनापती म्हणून आपल्या ग्रंथात रंगवले, त्या ग्रँट डफने हा मजकूर स्वतः लिहिला असेल असे मानणे अवघड आहे. लेख घरच्या मंडळींनी ऐकीव माहितीवरून कोरवून घेतला असण्याचा संभव अधिक. तथापि, वाघनखांना शिवाजी महाराजांशी जोडणारा वस्तूबरोबरचा पुरावा म्हणजे हाच लेख. ग्रँट डफच्या वंशजाने पुढे हे शस्त्र पेटीसह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिले.

बाजीरावाच्या शरणागतीच्या वेळी हे शस्त्र ग्रँट डफच्या हाती आले असावे, अशी शक्यता संग्रहालय आपल्या नोंदीत मांडते. मात्र सुमारे १६० वर्षांपूर्वी वापरलेले वाघनख ते हेच, याची पडताळणी होऊ शकलेली नाही, असेही त्याच नोंदीत नमूद करते. प्रतापसिंह महाराजांनीच ते भेट दिले असावे, असे काही मराठी अभ्यासकांचे मत आहे. साताऱ्याच्या दरबारातून इतरही इंग्रज अधिकाऱ्यांना वाघनखे भेटीदाखल गेली होती, याकडे ते लक्ष वेधतात.

करार आणि वाद

शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने ही वाघनखे महाराष्ट्रात आणण्याचा प्रयत्न राज्य शासनाने केला. तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी ३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडन येथे संग्रहालयाशी सामंजस्य करार केला. आरंभी एका वर्षाची असलेली मुदत पुढे तीन वर्षांची ठरली. १७ जुलै २०२४ रोजी वाघनखे मुंबईत पोहोचली आणि १९ जुलै रोजी साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन खुले झाले. दौऱ्याच्या आराखड्यात सातारा, नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई ही चार शहरे होती.

'परत आणणे' आणि 'उसने आणणे' यांतला फरक वृत्तपत्रांच्या मथळ्यांत बरेचदा पुसला गेला. वास्तविक ब्रिटनच्या १९८३ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यानुसार व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातील वस्तू कायमची देऊन टाकण्याचा अधिकार अत्यंत मर्यादित आहे. दुसरी तशीच प्रत असणे, वस्तू खराब होणे, अशा मोजक्या कारणांवाचून ती संग्रहातून काढता येत नाही. संग्रहालयाची इच्छा असली तरी कायदा आड येतो. म्हणून दीर्घ मुदतीची उसनवारी हाच मार्ग उरतो.

खरा वाद उठला तो अस्सलपणाचा. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी संग्रहालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराचा हवाला देऊन, ही वाघनखे महाराजांनीच वापरल्याचा पुरावा नाही असे जाहीरपणे सांगितले, आणि प्रदर्शनात ही बाब प्रेक्षकांसमोर ठेवावी अशी मागणी केली. कोट्यवधी रुपये खर्च झाल्याचा आक्षेपही घेतला गेला. मुनगंटीवार यांनी जुलै २०२४ मध्ये विधानसभेत हे आक्षेप फेटाळले. प्रवास व करारासाठी झालेला खर्च सुमारे १४ लाख रुपये असल्याचे त्यांनी सांगितले आणि वाघनखांविषयीचा दावा कायम ठेवला.

शिवकालीन शस्त्रासाठी लंडनकडे पाहण्याची महाराष्ट्राची ही पहिली वेळ नव्हती. १९८० नंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी 'भवानी तलवार' परत आणण्याची घोषणा केली होती. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील ती तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या भारतभेटीत युवराज एडवर्ड याला मिळाली होती. ती भवानी नव्हे, 'जगदंबा' होय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ती तलवार अद्याप लंडनमध्येच आहे.

नागपूरमधील मुक्काम

नागपूरच्या प्रदर्शनाचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. स्थळ होते सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय. वाघनखांच्या दालनात शिवकालातील अन्य शस्त्रेही मांडण्यात आली होती.

यजमान वास्तूचा इतिहास या प्रदर्शनाला वेगळाच संदर्भ देतो. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भोसल्यांच्या राजवाड्यातील जडजवाहीर व मौल्यवान वस्तू कलकत्त्याला नेऊन लिलावात विकण्यात आल्या. त्यानंतर दशकही उलटले नव्हते तोच, १८६३ मध्ये, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने नागपुरात संग्रहालय सुरू झाले. ज्या शहरातील राजसंपत्ती बाहेर गेली, त्याच शहरात वस्तू जतन करण्याची संस्था उभी राहिली. पेंढा भरलेले प्राणी आणि नाना चमत्कारिक वस्तू पाहायला येणाऱ्यांनी तिचे नाव 'अजब बंगला' ठेवले, आणि आजही रिक्षावाल्याला हेच नाव सांगावे लागते.

संग्रहालयाच्या आरंभीच्या काळाशी स्टीफन हिस्लॉप या धर्मोपदेशकाचे नाव निगडित आहे. ग्रँट डफप्रमाणे तोही स्कॉटलंडचाच. विदर्भातील जीवाश्म, खडक, शिलावर्तुळे आणि आदिवासी समाज यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याची टिपणे टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पत्रे यांचा साठा सापडला. त्यातील काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात आहेत, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. हा साठा कोठे व कधी सापडला याची नोंद झालेली असल्यामुळे त्याच्या अस्सलपणाबद्दल कोणी शंका घेत नाही. रामटेकजवळील हमलापुरी येथील बुद्धाच्या कांस्यमूर्तींची गोष्टही तशीच. वाघनखांपाशी उणीव आहे ती नेमकी या नोंदीची. १६५९ ते १८१८ या काळात ते शस्त्र कोणाच्या ताब्यात होते, हे सांगणारा कागद उपलब्ध झाला, तर वादाचे स्वरूपच पालटेल.

वाघनखांची लोकप्रियता एवढी की त्यांच्यापुढे अजब बंगल्याचा स्वतःचा संग्रह झाकोळून गेला. इतिहासाच्या दृष्टीने गुंगेरियाच्या तांब्याच्या कुऱ्हाडी, ज्यांच्यापुढे क्वचितच कोणी थांबतो, प्रतापगडाच्या प्रसंगाहून तीन हजारांहून अधिक वर्षांनी जुन्या आहेत.

रघूजी भोसल्यांची तलवार

वाघनखे नागपुरात असतानाच लंडनहून खुद्द नागपूरच्या इतिहासाशी संबंधित एक शस्त्र चर्चेत आले. २९ एप्रिल २०२५ रोजी सदबीज या लिलावगृहाने पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विक्रीस काढली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांत मिळवली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. युरोपी बनावटीचे एकधारी पाते आणि मराठा पद्धतीची मूठ असलेली ही 'फिरंग' आहे. पात्यावर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव आणि छत्रपती शाहू महाराजांनी दिलेला 'सेनासाहेबसुभा' हा किताब कोरलेला आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरच्या खजिन्यातून ती नेली असावी, असा तर्क आहे.

दोन्ही शस्त्रांची तुलना अपरिहार्य ठरते. तलवारीवर धन्याचे नाव धन्याच्याच लिपीत आहे. वाघनखांचे नाव परक्या पेटीवर, परक्या भाषेत आणि चुकांसह आले आहे. तलवार विकत घेतलेली, म्हणून राज्याच्या मालकीची; वाघनखे करारातील मुदत संपल्यावर लंडनला परत जायची आहेत. लोकांच्या मनातील स्थान मात्र याच्या अगदी उलट : वाघनखांसाठी रांगा लागतात, आणि रघूजींच्या तलवारीची माहिती नागपुरातही अनेकांना वर्तमानपत्रांतूनच प्रथम झाली.