तानसाचा रानपिंगळा



पाखरे ओळखण्याचा छंद म्हटला की खेड्यातला माणूस जरा हसतो. "त्यात ओळखायचे काय? पाखरे तर रोज दारात असतात!" खरेच आहे ते. शहापूर-मुरबाडकडे ज्याचा जन्म गेला, त्याला भारद्वाजाचे घुमणे, टिटवीची ओरड किंवा पावसाच्या तोंडावरची पावश्याची हाक कुणी शिकवावी लागत नाही. पण रोज दिसणे वेगळे आणि नीट पाहणे वेगळे. या दोहोंत अंतर किती, हे सांगण्यासाठी मी आज एका लहानशा घुबडाची हकीकत निवडली आहे. ते तुमच्याच शेजारी, तानसाच्या रानात राहते.

घुबडाच्या या धाकट्या भावंडाला आपण पिंगळा म्हणतो. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला या पाखराची भाषा कळते, अशी जुनी समजूत आहे. गावातल्या चिंचेच्या ढोलीत जोडीने राहणारा आणि तिन्हीसांजेला कलकलाट करणारा ठिपकेवाला पिंगळा सर्वांच्या ओळखीचा. पण त्याचा एक भाऊबंद फार दुर्मिळ आहे. त्याचे नाव रानपिंगळा. कोणी वनपिंगळाही म्हणतात.

१८७३ साली ॲलन ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे आपल्या खानदेशातही तो मिळाला. पण १८८४ नंतर तो कुणालाच सापडेना. जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांतल्या एकावर गुजरातेतील मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे साल लिहिलेले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची ती नोंद. तिच्यावर विसंबून झालेले शोध रिकाम्या हातांनी परतले. परततील नाही तर काय? पुढे तपासात उघड झाले, की त्या गृहस्थाने संग्रहालयातला जुनाच नमुना चोरला होता, त्यात नवा भुसा भरला होता आणि खोटी चिठ्ठी लावून तो आपला म्हणून मिरवला होता.

ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ओळखली. तिने खोटी नोंद बाजूला सारली आणि जुन्या, खऱ्या नोंदींचा माग धरला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या रानात, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह तिला रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! विचार करा मंडळी, एका खोट्या चिठ्ठीने माणसांना किती काळ चुकीच्या रानात फिरवले.

त्यानंतर सातपुड्यात आणि मेळघाटात तो आढळत गेला. आपल्याकडे तो असेल, असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला. सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी केलेली ही नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्या तलावाचे पाणी मुंबई शंभराहून अधिक वर्षे पिते आहे, त्याच्या काठच्या सागाच्या रानात जगाने एकेकाळी नामशेष मानलेले पाखरू बसले होते!

आता तुम्ही म्हणाल, हा पिंगळा आणि तो पिंगळा यांत फरक कसा करायचा? दोघेही साधारण साळुंकीएवढे, राखी-तपकिरी, वाटोळ्या डोळ्यांचे. प्रथम डोके पाहा. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. मग छाती पाहा. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि खाली पोट पांढरे स्वच्छ. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तिसरा एक जंगली पिंगळा आहे. त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असतात. शिवाय रानपिंगळा भर दिवसा उघड्या फांदीवर बसून सरड्यांवर आणि उंदरांवर नजर ठेवतो.

कोणतेही पाखरू ओळखण्याची रीत हीच. आधी आकार पाहावा. चिमणी, साळुंकी, कबूतर आणि कावळा ही आपली मापे. मग बसण्याची ढब, चोच, शेपटी, आणि शेवटी रंग. कारण उन्हात आणि सावलीत रंग फसवतो. आवाजही ऐकावा. आणि जे पाहिले ते तिथेच वहीत लिहावे: तारीख, वेळ, ठिकाण, झाड, पाखरू काय करीत होते. घरी येऊन आठवणीने लिहिले, की मन आपल्याला हवे ते ठिपके पुसते.

हे मी अनुभवाने सांगतो. एकदा घाईघाईत मी वहीत 'रानपिंगळा' असे लिहून मोकळा झालो. रात्री छायाचित्र मोठे करून पाहतो, तो डोक्यावर ठिपकेच ठिपके! नोंद खोडली. लाज वाटली, पण वही खरी राहिली.

छायाचित्राचा खरा उपयोग हा. ते शोभेसाठी नाही, साक्षीसाठी आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा हवाच असे नाही. अस्पष्ट चित्रातही डोके आणि शेपटी दिसली तरी जाणकाराला पुरते. दुर्बीण घ्यायची झाली, तर तिच्यावर ८×४२ असा आकडा असतो. आठपट जवळ दिसते आणि पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटरचे, एवढाच त्याचा अर्थ. आपली नोंद आता मोबाइलवरून 'ई-बर्ड'सारख्या ठिकाणी देता येते आणि ती जगभरचे अभ्यासक पाहतात.

मात्र पथ्ये पाळली पाहिजेत. घरट्याजवळ जाऊ नये. घुबडाच्या डोळ्यांवर झगझगीत प्रकाश टाकू नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाखराला बोलावू नये. त्याला वाटते, हद्दीत परका शिरला, आणि ते खाणेपिणे सोडून धावते. दुर्मिळ पक्ष्याची जागा चारचौघांत सांगत सुटू नये. अभयारण्यात जायचे, तर वनखात्याची परवानगी काढूनच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या वर्गात गलोल बाळगणारा एखादा पोरगा असेलच. त्याला रागावू नका. त्याच्या हाती वही द्या. झाडावरचे पाखरू सर्वांत आधी त्यालाच दिसते. सलीम अलींची सुरुवातही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाली होती. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग कसला, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून एक जन्मभराचा अभ्यासक घडला.

आणि गावकरी मंडळींनो, पिंगळा बोलला म्हणून अपशकुन होत नाही. तो शेतातले उंदीर खातो. त्याला राहायला म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते. सरपणाला झाड तोडण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहा. वरून दोन पिवळे डोळे पाहत असतील, तर कुऱ्हाड खाली ठेवा आणि वही उघडा.